शनिवार, रात्रीचे नऊ

२०२५ च्या मे महिन्यात आमची नात सुटीसाठी इंदुरास आली होती. शनिवारी रात्रीची जेवणे आटोपली, अंथरुणे पडली, आणि साडेबाराच्या सुमारास बैठकीच्या खोलीतून गाण्याचा आवाज येऊ लागला. उठून पाहतो तो ही मुलगी दिवा मालवून संगणकासमोर बसलेली. स्वित्झर्लंडमधील बाझल या शहरी युरोव्हिजन नावाच्या गीतस्पर्धेची अंतिम फेरी नुकतीच सुरू झाली होती. तेथे रात्रीचे नऊ, येथे साडेबारा. आम्ही वडीलकीच्या अधिकाराने म्हणालो, "अगं, हे सारे सकाळी चहा घेताना पाहता येईल की! ते काय पळून जाणार आहे?" ती म्हणाली, "आबा, सकाळी गाणी पाहता येतील. पण मत देता येणार नाही, आणि कोण जिंकले ते तोवर सगळ्या जगाला कळलेले असेल. मग त्यात उरले काय?"

प्रश्न साधा होता; पण त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आम्ही खुर्ची ओढून बसलो ते पहाटे चार वाजून गेल्यावर उठलो. सव्वीस गाणी ऐकली. त्यांतली बहुतेक आज आठवत नाहीत. मात्र अखेरच्या अर्ध्या तासात, गुणांची बेरीज होत असताना, नातीने आमचा हात घट्ट धरला होता आणि आमचीही छाती धडधडत होती, हे चांगले आठवते. ज्या कार्यक्रमातील गाणी विसरली जातात तो कार्यक्रम जागरण करून पाहावासा का वाटतो, याचा विचार तेव्हापासून आमच्या मनात घोळत आहे. गीतस्पर्धेची समीक्षा गाण्यांपासून सुरू करावी असा संकेत आहे. आमच्या मते ती घड्याळापासून सुरू केली पाहिजे. कारण या स्पर्धेत जे खरोखर घडवले जाते ती एक वेळ आहे; गाणी त्या वेळेच्या पोटात बसवलेली आहेत.

हे म्हणणे अतिशयोक्त वाटू नये म्हणून थोडा पूर्वेतिहास पाहू. युरोपीय प्रसारण संघ १९५० साली स्थापन झाला. निरनिराळ्या देशांच्या प्रसारण संस्थांनी तारा व मनोरे एकमेकांना जोडून एकच चित्र एकाच क्षणी सर्व देशांत दाखवावे, ही त्यामागील एक मोठी आकांक्षा. १९५४ साली तसे प्रक्षेपण साधले. मग प्रश्न उभा राहिला की या जोडलेल्या तारांवरून दाखवायचे काय? इटलीतील सान रेमो येथे १९५१ पासून गीतमहोत्सव भरत असे. त्याच्या धर्तीवर देशोदेशींची स्पर्धा घ्यावी असे ठरले, आणि २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे पहिली स्पर्धा झाली. सात देश होते, प्रत्येकाची दोन गाणी. यजमान स्वित्झर्लंडच्या लिस आसिया या गायिकेस विजय मिळाला. घरोघर दूरचित्रवाणी संच नव्हते, त्यामुळे बहुतेकांनी ही स्पर्धा नभोवाणीवरच ऐकली.

म्हणजे क्रम असा झाला: आधी एकाच वेळी दाखवण्याची सोय आली, आणि ती सोय भरून काढण्यासाठी गाणे आले. ही जन्मकथा ध्यानात ठेवली की पुढील पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होतो.

सुरुवातीस दिवस निश्चित नव्हता. पहिली स्पर्धा गुरुवारी झाली, दुसरी रविवारी, तिसरी व चौथी बुधवारी, पाचवी मंगळवारी. कार्यक्रम जणू घर शोधत हिंडत होता. १९६३ पासून मात्र अंतिम फेरी शनिवारी रात्रीच होत आली आहे, आणि मध्य युरोपच्या घड्याळाप्रमाणे रात्रीचे नऊ ही वेळ आता ठरून गेली आहे. दुसऱ्या दिवशी सुटी, मुलांना जागण्याची मुभा, शेजारपाजारच्यांना बोलावणे: शनिवारच्या रात्रीने या कार्यक्रमाला जे दिले ते कोणत्याही गीतकाराला देता आले नसते. युरोपीय प्रसारण संघाच्या आकडेवारीनुसार २०२५ ची स्पर्धा ३७ देशांत मिळून १६ कोटी ६० लाख लोकांनी पाहिली. आइसलंडसारख्या चिमुकल्या देशात त्या रात्री दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांपैकी शेकडा ९५ हून अधिक लोक हाच कार्यक्रम पाहत असल्याचे आकडे गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले आहेत. तेथील घड्याळात त्या वेळी संध्याकाळचे सात वाजलेले असतात, हेही विसरू नये.

आता ही वेळ गाण्यावर काय संस्कार करते ते पाहू. १९५७ साली इटलीचे गाणे पाच मिनिटांहून अधिक चालले, आणि त्यानंतर तीन मिनिटांची मर्यादा काटेकोरपणे पाळली जाऊ लागली. विलंबित ख्यालात षड्जावर स्थिर होण्यासच तीन मिनिटे लागतात अशा परंपरेत वाढलेल्या आमच्यासारख्यांना ही मर्यादा क्रूर वाटते. पण सव्वीस देशांना एका रात्रीत बसवायचे तर दुसरा उपाय नाही. दोन गाण्यांच्या मध्ये पाऊण मिनिटाची छोटी चित्रफीत दाखवतात. तिचे खरे कारण सौंदर्यदृष्टी नसून मंचावरचे सामान हलवणे हे आहे. परिणाम असा की गाण्याने पहिल्या दहा सेकंदांतच लक्ष वेधावे, दुसऱ्या मिनिटाच्या अखेरीस चढावे, आणि शेवटी आगीचे फवारे उडवून संपावे, असा एक साचा तयार झाला. चांगला संगीतकारही या साच्यात शिरताना थोडा लहान होऊन शिरतो. ही या स्पर्धेची कलेच्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय तिच्याविषयी पुढे बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

गाण्यांचा क्रम हाही घड्याळाचाच प्रश्न. २०१३ पर्यंत क्रम चिठ्ठ्या टाकून ठरत असे. लवकर गायलेले गाणे श्रोत्याच्या स्मरणातून निसटते आणि उशिराचे टिकते, असा पुष्कळांचा अनुभव. दुसऱ्या क्रमांकावर गायलेले गाणे तर २०२५ पर्यंत एकदाही जिंकलेले नाही. २०१३ पासून क्रम ठरवण्याचे काम बहुतांशी निर्मात्यांकडे आले. कारण असे की दोन संथ गाणी लागोपाठ आली तर प्रेक्षक उठून जाईल. येथे निर्माता मैफलीच्या आयोजकासारखा विचार करतो: कोणानंतर कोणी बसावे, कोणाला शेवटी ठेवावे. पण मैफलीत शेवटी बसणाऱ्याचा मान ज्येष्ठतेने ठरतो, आणि येथे प्रेक्षकाच्या जांभईने. स्पर्धेच्या निःपक्षपातीपणाशी याचा मेळ कसा बसवावा, याचे समाधानकारक उत्तर आयोजकांनी दिलेले नाही असे आम्हांस वाटते.

मतमोजणीसाठी लागणारा वेळ भरून काढण्याकरिता मध्यंतराचा कार्यक्रम असतो. गंमत अशी की या स्पर्धेच्या साऱ्या इतिहासातील बहुधा सर्वांत गाजलेली कलाकृती त्या रिकाम्या वेळेतच जन्मली. १९९४ साली डब्लिन येथे मध्यंतरात 'रिव्हरडान्स' हे आयरिश नृत्य सादर झाले आणि पुढे त्याचे स्वतंत्र प्रयोग जगभर गेले. स्पर्धेतील गाणे साच्यात अडकलेले, तर भरीच्या कार्यक्रमास मोकळीक! कलेला मोकळी जागा मिळाली की ती काय करते याचा हा बोलका दाखला आहे.

मतमोजणी हे मात्र या रात्रीचे खरे नाट्य होय. १९५६ साली गुण जाहीरच केले नव्हते. फक्त विजेता सांगितला. दुसऱ्याच वर्षी गुणफलक आला, आणि प्रेक्षकाला आकड्यांची गोडी लागली. १९७५ पासून सर्वोच्च बारा गुणांची पद्धत आहे. १९९७ साली पाच देशांत दूरध्वनीने जनमत घेण्यास आरंभ झाला. पुढे काही वर्षे जनमताचाच अंमल राहिला, आणि २००९ पासून अंतिम फेरीत परीक्षक व प्रेक्षक यांचे वजन निम्मे निम्मे झाले. २०१६ साली मांडणीच बदलली. आधी परीक्षकांचे गुण, नंतर प्रेक्षकांचे, तेही असे की निकाल अखेरच्या मिनिटापर्यंत लांबावा. त्याच वर्षी युक्रेनची जमाला जिंकली, जी परीक्षकांतही पहिली नव्हती आणि प्रेक्षकांतही नव्हती. बेरजेत पहिली आली. नव्या मांडणीला याहून चांगला शुभारंभ मिळाला नसता.

बाझलच्या रात्री आम्ही हेच पाहिले. ऑस्ट्रियाचा तरुण गायक जे. जे. याने ऑपेराचा उंच स्वर आणि नृत्यगृहातील ठेका यांची जोड घातली होती. परीक्षकांनी त्याला सर्वांत वर ठेवले, म्हणून त्याचा प्रेक्षकांकडून आलेला आकडा सर्वांत शेवटी उघडायचा होता. तोवर प्रेक्षकांच्या भरघोस मतांवर इस्राएल पुढे गेला होता. एक आकडा उरला होता, आणि त्यावर सारे अवलंबून. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आकडा वाचणाऱ्यास तो केवळ आकडा वाटला असता. आम्हांला तो श्वास रोखून धरलेला क्षण वाटला. नातीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेथे मिळू लागले. सकाळी काय उरते? गाणी उरतात, निकाल उरतो. 'अजून कोणालाच ठाऊक नाही' ही अवस्था तेवढी निघून जाते. आणि ही अवस्था कोट्यवधी लोकांनी मिळून भोगायची असते.

वेळेचे हे सामर्थ्य ज्यांना नीट कळले होते अशांची एक कहाणी १९७४ सालची आहे. त्या वर्षी ६ एप्रिल रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्पर्धा झाली. स्वीडनचा 'आबा' हा चमू जिंकला, आणि हे सर्वांना ठाऊक असते. दुसरी आली इटलीची जिल्योला चिंक्वेत्ती. तिच्या गाण्याचे नाव 'सी', म्हणजे 'होय'. इटलीत घटस्फोटाचा कायदा रद्द करावा की नाही यावर १२ मे रोजी सार्वमत व्हायचे होते, आणि मतपत्रिकेवर 'होय' अथवा 'नाही' असेच उत्तर द्यायचे होते. 'होय, होय' म्हणणारे गाणे मतदारांच्या कानी पडू नये म्हणून इटलीच्या सरकारी वाहिनीने मतदान आटोपेपर्यंत ती स्पर्धा दाखवलीच नाही. म्हणजे आपल्याच देशाची गायिका दुसरी आली, आणि ती देशवासीयांना वेळेवर पाहता आली नाही.

तिसरे गाणे पोर्तुगालचे. पाउलो द कार्व्हाल्यो यांनी गायलेले 'ई देपोईस दो आदेउश' हे गीत ब्रायटनला सर्वांत शेवटच्या क्रमांकावर राहिले, आणि तोही इतर तीन देशांशी वाटून घेतलेला. अठरा दिवसांनंतर, २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटे असताना, लिस्बनच्या एका नभोवाणी केंद्रावरून तेच गाणे लागले. तो लष्करातील बंडखोर अधिकाऱ्यांना दिलेला पहिला संकेत होता. दुसऱ्या दिवशी पोर्तुगालमधील दीर्घकाळची हुकूमशाही कोसळली. गोव्यातील आमच्या वाचकांना पुढचे सांगावयास नको. १९६१ मध्ये मुक्त झालेल्या गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते या क्रांतीनंतर, १९७४ च्या अखेरीस झालेल्या कराराने. गाणे तेच, गायक तोच. ब्रायटनच्या मंचावर त्याला तीन गुण मिळाले, आणि लिस्बनमध्ये योग्य मिनिटाला लागले तेव्हा त्याने राज्य हलवले. गाणे केव्हा वाजते हा प्रश्न गाणे कसे आहे या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस माहीत नाही.

येथवर आम्ही ठरलेल्या वेळेचा महिमा गायिला. पण सर्वांसाठी एक वेळ म्हणजे नेमकी कोणाची वेळ, हेही विचारले पाहिजे. रात्रीचे नऊ हे मध्य युरोपचे नऊ आहेत. २००९ साली मॉस्कोने यजमानपद भूषवले तेव्हा तेथे अंतिम फेरी रात्री अकराला सुरू झाली. २०१२ साली अझरबैजानच्या बाकू शहरात ती सुरू झाली मध्यरात्री बारा वाजता. घर आपले, मांडव आपला, खर्च आपला, आणि मुहूर्त मात्र पाहुण्यांचा! १९८० साली तर याहून अवघड प्रसंग आला. लागोपाठ दोन वर्षे जिंकलेल्या इस्राएलने पुन्हा यजमानपद घेण्यास असमर्थता दर्शवली, स्पर्धा हेगला गेली आणि तारीख ठरली १९ एप्रिल. तो दिवस इस्राएलमध्ये युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा होता. परिणामी आदल्या वर्षीचा विजेताच स्पर्धेत नव्हता. मध्यवर्ती ठिकाणी बसून कार्यक्रमपत्रिका आखणाऱ्यांस कडेच्यांचे सणवार व सुतक दिसत नाही, हा अनुभव जगात सर्वत्र सारखाच असावा.

आणि तरीही कडेचे लोकच अधिक निष्ठेने जागतात. ऑस्ट्रेलियात युरोपातून गेलेल्या स्थलांतरितांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या बहुभाषिक गरजा भागवण्यासाठी निघालेली एस.बी.एस. ही वाहिनी १९८३ पासून ही स्पर्धा दाखवत आली. तेथे थेट प्रक्षेपण म्हणजे रविवारची पहाट, पाच वाजता. कष्टकऱ्यांसाठी रविवारी संध्याकाळी पुन्हा दाखवण्याची सोय होती. पण पहाटे उठणारेही निघालेच. सोडून आलेल्या देशाचे गाणे ऐकण्याची ही ओढ इतकी टिकली की २०१५ साली ऑस्ट्रेलियाला स्पर्धेतच बोलावले गेले, आणि पुढल्याच वर्षी दामी इम ही गायिका दुसरी आली. या निष्ठेचा दुसरा आविष्कार मतदानात दिसतो. नियम असा की स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. ज्याने देश सोडला आहे त्याला मात्र देता येते. जर्मनीत स्थायिक झालेल्या तुर्की कुटुंबांमुळे जर्मन जनमताचे बारा गुण अनेक वर्षे तुर्कस्तानच्या झोळीत पडत. यावर टीकाकार नाके मुरडतात. आम्हांला मात्र त्यात एक हृद्य विरोधाभास दिसतो. मायदेशात राहिलेल्याचा आवाज मोजला जात नाही, परदेशी गेलेल्याचा मोजला जातो. ज्यांच्या पूर्वजांनी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी नर्मदा ओलांडली, त्या आपल्यासारख्यांस हा नियम मनापासून आवडावा.

अर्थात हृद्य ते सारे निकोप असतेच असे नाही. आपुलकीचे मत आणि संघटित मत यांत अंतर आहे. २०२५ च्या स्पर्धेनंतर सरकारी पाठबळाने झालेल्या प्रचाराविषयी आक्षेप घेतले गेले, आणि २०२६ साठी एका व्यक्तीच्या मतांची कमाल संख्या वीसवरून दहावर आणण्यात आली. त्याच वर्षी इस्राएलच्या सहभागावरून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलंड या पाच देशांच्या प्रसारण संस्थांनी माघार घेतली. युद्ध व राजकारण यांवर मतप्रदर्शन करणे हा या लेखाचा हेतू नव्हे. आमच्या विषयापुरते एवढेच नोंदवतो की अशा वेळी प्रसारण संस्थेच्या हाती निषेधाचे जे सर्वांत मोठे साधन असते ते म्हणजे ठरलेल्या वेळी पडद्यावर दुसरे काही दाखवणे. सर्वांच्या समान वेळेतून बाहेर पडणे हाच तिचा बहिष्कार.

२०२३ पासून स्पर्धेत भाग न घेणाऱ्या देशांतील लोकांनाही संगणकावरून मत देता येते. भारत, ब्राझील, अमेरिका, सारी आफ्रिका: सर्वांची मते एकत्र करून त्यांना एका देशाइतके गुण दिले जातात, आणि त्यांचे नाव 'उर्वरित जग'. नातीने आपले मत दिले तेव्हा आम्ही विचारले, "हे कोणत्या खात्यात गेले?" ती म्हणाली, "उर्वरित जगाच्या." आम्हांस हसू आवरेना. गोवे, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद ही परस्परांहून इतकी निराळी ठिकाणे. पण साहित्यव्यवहारात आपण सारे 'बृहन्महाराष्ट्र' या एकाच रकान्यात बसतो. रकाना एक मिळाला हेही कमी नाही, असे म्हणून आपण आजवर जागत आलो.

आपल्याकडेही ठरलेल्या वेळेचे दोन प्रयोग एकाच वर्षी सुरू झाले, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्याच वर्षी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताची राष्ट्रीय सभा सुरू झाली. शनिवारी रात्री साडेनऊला आमच्या वाड्यात वडील मंडळी खाकरून बसत आणि मुलांना पाण्याचा पेलाही वाजवू देत नसत. ज्या गावी थोर गवयाचे पाऊल कधी लागले नसते त्या गावी तो गवई दीड तास येऊन बसे. हे उपकार विसरणे शक्य नाही. परंतु त्याच काळात चित्रपटगीतांना आकाशवाणीने दार लावले, आणि श्रोत्यांनी शांतपणे काटा फिरवून सिलोन लावले. तेथे बुधवारी रात्री आठला अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' लागे. गाण्यांचा क्रम काय लागतो, गेल्या आठवड्यातले वर गेले की खाली आले, यासाठी पानाच्या ठेल्यापाशी गर्दी उभी राही. युरोपातील गुणफलकाचे सारे नाट्य त्यात होते. १९५७ साली 'विविध भारती' सुरू करून सरकारने एका परीने आपली चूक दुरुस्त केली. वेळ ठरवता येते, पण ओढ लादता येत नाही, हा त्यातला बोध. श्रोत्याचा मान राखणारी वेळच टिकते.

आता कोणी विचारील की हे सारे जुने झाले. आज ज्याला जे हवे ते तो हवे तेव्हा पाहतो, मग ठरलेल्या वेळेचा आग्रह कशाला? या प्रश्नाला अमेरिकेने नकळत एक उत्तर दिले आहे. २०२२ साली तेथील एका वाहिनीने याच धर्तीवर ५६ राज्ये व प्रदेश यांची गीतस्पर्धा मांडली, आणि ती दर सोमवारी एक भाग अशी आठ आठवडे पसरवली. प्रेक्षक जमले नाहीत, आणि पुन्हा ती झाली नाही. कारणे अनेक असतील. पण एका रात्रीचा ताण आठ सोमवारांत वाटून टाकला की प्रत्येक सोमवारी तो विरळ होणारच, असे आम्हांस वाटते. उलट २०२० साली महामारीमुळे युरोपातील स्पर्धा रद्द झाली, तेव्हा १६ मे रोजी, अंतिम फेरी ज्या शनिवारी व्हायची होती त्याच रात्री, स्पर्धेविना एक कार्यक्रम दाखवण्यात आला. जिंकणे-हरणे नव्हते, सभागृह नव्हते. वेळ तेवढी राखली होती. देऊळ बंद असले तरी काकडआरतीच्या वेळी जाग यावी, तसे ते होते.

या विवेचनाचा शेवट आपल्या मंडळाच्या दारी करणे भाग आहे. गेली काही वर्षे आपल्या मासिक सभांस उपस्थिती रोडावली आहे. मागील बैठकीत एक सूचना आली की व्याख्याने ध्वनिमुद्रित करून सदस्यांच्या भ्रमणध्वनीवर पाठवावीत, म्हणजे ज्याने त्याने सवडीने ऐकावे, आणि दरमहा सभागृहाचे भाडे वाचावे. सूचना सद्भावनेची आहे. मुद्रण अवश्य व्हावे. अंथरुणास खिळलेल्या सदस्यांचा त्यावर पहिला हक्क आहे. पण सभेऐवजी मुद्रण, यास आमचा विरोध आहे. ही भाषा आपण नकाशावरच्या सीमेच्या बळावर राखलेली नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, चार घरांतील माणसे एका सतरंजीवर येऊन बसत, म्हणून ती राहिली. सवडीने ऐकायची मराठी सवड मिळेपर्यंत थांबते, आणि सवड सहसा मिळत नाही.

मात्र या निबंधातील दुसरी बाजूही आपल्याला लागू आहे. आपली वेळ कोणाची आहे? सायंकाळी पाचची सभा ही निवृत्तांच्या सोयीची आहे. नोकरी करणाऱ्या सुना, शिकवणीस जाणारी मुले यांच्या दृष्टीने ती बाकूची मध्यरात्र होय. आपण मध्ये बसून घड्याळ लावले आणि कडेचे का येत नाहीत म्हणून खेद करीत राहिलो. तेव्हा आमची सूचना अशी की वेळ राखावी, पण ती त्यांना विचारून नव्याने ठरवावी. आणि एकदा ठरली की मोडू नये. आगामी कोजागरीच्या काव्यमैफलीपासून आरंभ करता येईल.

त्या पहाटे ऑस्ट्रियाचा आकडा उघडला, नातीने आनंदाने टाळी वाजवली, आणि लगेच आजी जागी होईल म्हणून तोंडावर हात ठेवला. बाहेर दूधवाल्याच्या बरण्या वाजू लागल्या होत्या. तिने विचारले, "आबा, आवडले का?" आम्ही म्हणालो, "गाणी तशी बेताचीच होती." ती हसली आणि म्हणाली, "मग पुढच्या वर्षी?" आम्ही म्हणालो, "साडेबाराला उठव."